विष विंचवाचं, वादळ आपलं

वरंध्याच्या पट्ट्यात विंचू ही ऐकीव गोष्ट नाही. महाडहून भोरकडे जाणारा रस्ता बिरवाडी मागे टाकून घाटाच्या पायथ्याशी येतो, तिथल्या कुठल्याही घरात विचारा. लाल विंचू लाकडांच्या ढिगात असतो, पेंढ्याखाली असतो, गडग्याच्या दगडांत असतो, रात्री अंगणात राहिलेल्या चपलेत असतो. अंगानं लहान, रंगानं तांबूस. काळी इंगळी त्याच्या कितीतरी पट मोठी आणि दिसायला भयंकर, पण माणसं दगावली ती या लहान्यामुळे.

माझे मामा इथलेच. त्यांचे आजोबा विंचू उतरवायचे. त्यासाठी पोलादपूरपर्यंतची माणसं रात्री-अपरात्री दारात येत, असं घरात अजून सांगतात. मी महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आम्हा दोघांचा या विषयावरचा वाद जुना आहे. या मे महिन्यात तो नेहमीच्या ठिकाणी न थांबता बराच पुढे गेला, म्हणून लिहून काढला.

मामा : तू कितीही पुस्तकं वाच, विष ते विष. ते चढलं की माणूस जातो, उतरलं की वाचतो. आमचे आजोबा मंत्रानं उतरवत, तुमचे डॉक्टर सुईनं उतरवतात. दोघांचं काम एकच.

मी : मामा, एक गोष्ट आधी ऐका. लाल विंचू चावून जो माणूस मरतो, त्याला विष सरळ मारत नाही. विष फक्त सुरुवात करून देतं. मारतं ते त्याच्याच अंगातलं ॲड्रेनॅलिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रेनॅलिन.

मामा : आपल्या अंगातलं? आपलं शरीर आपल्याला कशाला मारेल? बाहेरून आलेलं असतं ते बाधतं. जे अंगानं बनवलं ते अंगाला बाधत नाही.

मी : इथेच आपलं बिनसतं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक ग्रंथी आहे, जेमतेम 4-5 ग्रॅमची. तिचा बाहेरचा थर कॉर्टिसॉलसारखी रसायनं बनवतो, आतला गाभा ॲड्रेनॅलिन. लाळेची ग्रंथी लाळ नळीवाटे तोंडात सोडते, तशी या ग्रंथीला नळी नाही. तिचा माल थेट रक्तात पडतो आणि रक्ताबरोबर डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत जातो. गळ्यातली थायरॉइड, मेंदूखालची पिट्युटरी, स्वादुपिंडातले इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके, स्त्रियांची बीजकोषं, पुरुषांची वृषणं, सगळ्यांची रीत हीच. त्या जे सोडतात त्याला हार्मोन म्हणायचं, संप्रेरक.

मामा : सगळीकडे जातं, तर मग काम सगळीकडे एकच करतं का?

मी : नाही. ज्या पेशीवर त्या हार्मोनला धरून घेणारा ग्राहक असतो, तीच पेशी ऐकते. बाकीच्यांच्या जवळून ते नुसतं वाहून जातं.

मामा : म्हणजे पाणी सगळ्या खाचरांच्या कडेनं जातं, पण ज्या बांधाला तोंड पाडलेलं असतं त्याच खाचरात शिरतं.

मी : अगदी तसंच. आणि आत शिरल्यावर काय पिकायचं ते पाणी ठरवत नाही, खाचर ठरवतं. ॲड्रेनॅलिनचे ग्राहक एका जातीचे नाहीत, हे रेमंड अहल्क्विस्ट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1948 साली मांडलं. त्यानं त्यांना अल्फा आणि बीटा म्हटलं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अल्फा ग्राहकावर हे रसायन बसलं की वाहिनी आवळते. हृदयातल्या बीटावर बसलं की ठोके वाढतात, जोर वाढतो. वाघ समोर आला तर हे सगळं हवंच असतं. रक्त कातडीकडून आणि आतड्यांकडून काढून स्नायूंना द्यायचं, यकृतातली साखर मोकळी करायची, पळायचं नाहीतर भिडायचं.

मामा : मग हेच तर मी म्हणतो. शरीर शहाणं आहे.

मी : तुमच्या बाजूनं बोलणारा माणूस मोठा आहे. हार्वर्डचा वॉल्टर कॅनन. भीतीच्या वेळी शरीर लढायला किंवा पळायला कसं सज्ज होतं हे त्यानं पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दाखवून दिलं, आणि 1932 साली पुस्तक लिहिलं, त्याला नावच 'शरीराचं शहाणपण' अशा अर्थाचं दिलं. मला ते मान्य आहे. पण हे शहाणपण थोड्या वेळासाठी आखलेलं आहे. रक्तात पडलेलं ॲड्रेनॅलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं. वाघ गेला की वाहिन्या सैल, हृदय शांत. लाल विंचवाचं विष नेमकी ही थांबण्याची सोयच मोडतं. मज्जातंतूंवर सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. संदेश निघाला की ती उघडतात आणि लगेच मिटतात. विषातले घटक ती मिटू देत नाहीत. म्हणून मज्जातंतू संदेश सोडतच राहतात, आणि त्यांच्या हुकुमावर चालणारा त्या ग्रंथीचा गाभाही ओततच राहतो. काही मिनिटांसाठी असलेली तयारी तासन् तास चालते.

मामा गप्प झाले नाहीत, पण त्यांनी विषय बदलला. आजोबांच्या हातचं यश ते मला ऐकवू लागले, आणि त्या यशाला उत्तर देणं सोपं नाही. आलेल्यांपैकी बहुतेक जण खरोखरच बरे होऊन जात. कारण विंचू चावलेल्या बहुतेकांच्या अंगात हे वादळ उठतच नाही. दंशाच्या जागी जीव जाईल असं वाटण्याइतकी आग होते, रात्रभर माणूस तळमळतो आणि सकाळी उठून कामाला लागतो. मंत्र घातला तरी, नाही घातला तरी. प्रश्न उरलेल्यांचा होता.

त्या उरलेल्यांचं काय होतं हे ज्यानं नीट पाहिलं, तो माणूस या रस्त्यावरच भेटतो. डॉ. हिम्मतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावचे. नागपूरला एमबीबीएस झाले आणि 1976 साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. धडधाकट माणसं आणि लहान मुलं विंचू चावून काही तासांत जाताना त्यांनी पाहिली. तेव्हाच्या पुस्तकांत यावर फारसं काही नव्हतं. मिळेल ते दिलं जाई : ॲट्रोपिन, स्टिरॉइड, ॲलर्जीची इंजेक्शनं. त्यांनी रुग्णाजवळ बसून घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, नाडी आणि रक्तदाब कसे बदलले, हे लिहायला सुरुवात केली. 1982 साली लॅन्सेट या ब्रिटिश नियतकालिकात त्यांचा लेख आला. लाल विंचवाच्या दंशानंतर हृदयावर संकट येणार याची पूर्वसूचना देणारी लक्षणं कोणती, हा त्याचा विषय. एका तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात सुरू झालेल्या नोंदी जगभरच्या डॉक्टरांपुढे गेल्या, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

त्या नोंदींमधली एक गोष्ट मी मामांना मुद्दाम सांगितली, कारण ती गावातल्या समजुतीच्या बरोबर उलट आहे.

मी : विंचू चावला आणि माणूस बोंबलतोय, तर तुम्ही काय म्हणता?

मामा : जहरी चावलाय म्हणतो.

मी : आणि शांत पडला असेल, दुखत नाही म्हणत असेल तर?

मामा : उतरलं म्हणतो.

मी : तिथेच घात होतो. नुसतीच भयंकर आग, पण हातपाय ऊबदार, उलटी नाही, घामाच्या धारा नाहीत, तर धोका सहसा कमी. उलट ज्याच्या अंगात वादळ उठतं त्याला सुरुवातीला दंशाच्या जागी फारसं दुखत नाही. त्याला दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते. मग हातपाय गार पडत जातात. अल्फा ग्राहकांनी वाहिन्या आवळल्या की हातपाय गार पडणारच. हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. रक्तदाब चढतो, हृदय थकतं, मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसात उतरतं, खोकल्याबरोबर गुलाबी फेस येतो. लहान मुलांत हे फार झपाट्यानं होतं. आणि उपचारानं माणूस सावरू लागला की हातपाय गरम होतात आणि दंशाची जागा पुन्हा ठणकायला लागते.

मामा : ठणका परत येणं हे चांगलं लक्षण?

मी : हो. तुम्हाला विचित्र वाटतंय, पण हार्मोनच्या बाजूनं बघितलं की सरळ आहे.

मामा : बरं. मग औषध काय? ग्रंथी कापून काढता काय?

मी : नाही, तुमचं खाचर घ्या. पाणी थांबवता येत नसेल तर तोंड बुजवायचं. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी आधीपासून होती, स्वस्त, तोंडानं घ्यायची. ती अल्फा ग्राहकावर जाऊन बसते. ॲड्रेनॅलिन रक्तात असतं, पण वाहिनीला ते ऐकूच जात नाही. वाहिन्या सैल होतात, हृदयावरचं ओझं उतरतं. बावस्करांनी पुण्याला एमडी केलं आणि महाडला परतून हे उपचार रुळवले. 1986 साली प्राझोसिनवरचा लेख पुन्हा लॅन्सेटमध्ये आला. पूर्वी अंगभर लक्षणं दिसणाऱ्या रुग्णांपैकी तीस टक्क्यांच्या आसपास दगावत. वेळेवर प्राझोसिन मिळू लागल्यावर ते प्रमाण एक टक्क्याच्या जवळ आलं. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी.

या गोळीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट मात्र जरा आत दडलेली आहे. अल्फा ग्राहक पुढे जाऊन दोन प्रकारचे निघाले. पहिला वाहिनीच्या भिंतीत. दुसरा बराचसा मज्जातंतूच्या टोकावरच असतो आणि त्याचं काम लगाम खेचण्याचं : बाहेर नॉरॲड्रेनॅलिन फार झालं की तो तंतूला सांगतो, आता पुरे. प्राझोसिन पहिल्याला अडवतं आणि दुसऱ्याला हात लावत नाही. म्हणजे वाहिनीचे कान बंद होतात, पण शरीराचा स्वतःचा लगाम शाबूत राहतो. जुनी औषधं दोन्ही अडवत, त्यामुळे लगामही सुटे. म्हणूनच "शरीर शहाणं आहे" हे मामांचं म्हणणं मला पुरतं टाकून देता येत नाही. इथे उपचारानं त्या शहाणपणाला जागा करून दिली आहे.

मूत्रपिंडावरच्या याच ग्रंथीच्या गाभ्यात कधी कधी गाठ होते आणि ती ॲड्रेनॅलिनसारखी रसायनं अव्वाच्या सव्वा सोडते. फिओक्रोमोसायटोमा म्हणतात तिला. तिथेही शस्त्रक्रियेआधी अल्फा ग्राहक अडवणारं औषध देतात. ना विंचू, ना विष, तरी उपचाराचं तत्त्व तेच.

मामा : तू एक विसरतेस. फांद्या छाटतेस, मूळ तसंच ठेवतेस. विष अजून अंगात आहेच ना? ते ग्रंथीला डिवचतंय. ते काढ आधी.

मी : हा मुद्दा तुमचा पक्का आहे, आणि तो महाडमध्येच तपासून झालाय. मुंबईच्या हाफकिननं घोड्यांच्या रक्तापासून लाल विंचवाचं प्रतिविष बनवलं. महाडला 70 रुग्णांचे दोन गट केले. एकाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि प्रतिविष. 10 तासांत पूर्ण सावरलेले पहिल्या गटात 35 पैकी 8 होते, दुसऱ्यात 35 पैकी 32. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते प्रसिद्ध झालं. लेखक हिम्मतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर.

मामा : म्हणजे विष उतरवायलाच हवं! आजोबा चुकीचे नव्हते.

मी : विष उतरवायला हवं, हे बरोबर होतं. मंत्रानं ते उतरत नव्हतं. आणि मंत्रात जो तास-दोन तास जायचा, तेवढ्या वेळात फुप्फुसात पाणी उतरायचं.

मामांना हे लागलं. ते म्हणाले, तेव्हा कुठल्या गाड्या होत्या, पावसाळ्यात बिरवाडी गाठायची म्हटलं तरी ओढे आडवे यायचे. हे मला मान्यच आहे. ज्या माणसाकडे दुसरं काहीच नव्हतं त्यानं उशाशी बसून धीर दिला, त्याला मी हसत नाही. पण आज गाडी आहे, तर चावल्याबरोबर निघायचं. पट्टी आवळून बांधायची नाही, जागा कापायची नाही. गोळी घरच्या घरी अंदाजानं गिळायची नाही, कारण ती रक्तदाब एकदम पाडू शकते. रुग्णाला आडवं ठेवून, दाब मोजत ती द्यायची असते. ज्याला नुसती आग आहे त्याला ती लागतही नाही.

मुंबईत शरीरक्रियाशास्त्रात संशोधन करणारे के. राधाकृष्ण मूर्ती यांनी आणखी एक वाट धरली होती. ॲड्रेनॅलिनचा पूर आला की स्वादुपिंड इन्सुलिन सोडणं कमी करतं आणि रक्तातली साखर चढते. मग बाहेरून इन्सुलिन द्यावं, अशी त्यांची मांडणी. प्राझोसिनइतकी ती रुळली नाही. पण तिच्यातून एक गोष्ट नीट कळते : एक हार्मोन वाढलं की दुसरं दबतं. यातलं कुठलंच एकटं नसतं.

इथवर मामी नुसतं ऐकत होत्या. इन्सुलिनचं नाव निघालं तशा त्या बोलल्या.

मामी : साखरेचं राहू दे. माझ्या गळ्याच्या गोळीचं सांग. आठ दिवस घेतली नाही, काही झालं नाही. मग कशाला घ्यायची?

मामा : बघ! आणि मला हेही सांग. मघापासून म्हणतेस, आपलंच रसायन माणसाला मारतं. मग तसलंच रसायन हिला गोळीतून का देता? एकीकडे तोंड बुजवता, एकीकडे पाणी ओतता.

मी : कारण मामींकडे पाणीच येत नाही. हार्मोन चांगलं किंवा वाईट असं नसतं. किती, कुठे आणि किती वेळ, एवढंच. मामींची थायरॉइड पुरेसं थायरॉक्सिन बनवत नाही. म्हणून थकवा, अंगाला गारठा, बद्धकोष्ठ, सुजल्यासारखा चेहरा. मेंदूखालची पिट्युटरी, वजनानं अर्धा ग्रॅम, ती रक्तातलं थायरॉक्सिन सतत बघत असते. कमी दिसलं की टीएसएच सोडून थायरॉइडला हाकारते, भरपूर दिसलं की गप्प बसते. मामींच्या कागदावर टीएसएच चढलेलं होतं, म्हणजे पिट्युटरी ओरडतेय आणि ग्रंथीकडून उत्तर नाही. गोळीत जे आहे ते थायरॉइड बनवते तेच थायरॉक्सिन, कणही वेगळा नाही. 1914 साली अमेरिकेत एडवर्ड केंडॉलनं ते ग्रंथीतून शुद्ध रूपात वेगळं काढलं. आता ते कारखान्यात बनतं. ग्रॅममध्ये नाही, मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं.

मामी : आणि माझे आठ दिवस?

मी : ॲड्रेनॅलिन दोन-तीन मिनिटांत निम्मं होतं, थायरॉक्सिनला निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. तुम्ही आठवडाभर आधीच्या शिलकीवर होतात. कळायला महिना जाईल, आणि तेव्हा तुम्ही म्हणाल की वयानं थकले.

मामी काही बोलल्या नाहीत, पण मामांकडे पाहिलं. गेल्या वर्षभर त्या हेच म्हणत होत्या.

मामा : तिच्या ग्रंथीला मग कोण चावलं?

मी : कुणीच नाही. बाहेरच्या जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पेशी कधी कधी थायरॉइडला परकं समजतात आणि हळूहळू खाऊन टाकतात. हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरनं 1912 साली अशा ग्रंथींचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव या आजाराला आहे. बायकांत तो पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. आयोडीन कमी पडलं तरी थायरॉइड अडते, पण आता घरोघरी आयोडीनचं मीठ आहे.

मामा : विंचवाची गोळी एका दिवसाची आणि ही जन्माची?

मी : बहुतेक जन्माची. विंचवाच्या वेळी विष ओसरलं की ग्रंथी पूर्ववत होते. इथे ग्रंथीच उरत नाही. पुन्हा सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच तपासायचं आणि मात्रा डॉक्टरांनी ठरवायची. जास्त झाली तर छातीत धडधड, हात थरथरणं, वजन उतरणं. तिथे पुन्हा तुमचं खरं ठरेल की हे रसायन बाधतं.

मामा : गोळ्या संपल्या की महाडला जायचं कुणी? भाताची लावणी कोण करणार?

मी : दोन-तीन महिन्यांच्या एकदम आणून ठेवा. अंधारात, कोरड्या जागी. चुलीच्या वरच्या फळीवर नको.

मामी : ते मी बघते. चहाच्या आधी की नंतर, तेवढं सांग.

मी : आधी. उठल्याबरोबर, उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा-पाऊण तास काही नाही. चहा आणि दूध लगेच घेतलं तर गोळी पोटातून नीट शोषली जात नाही.

मामा : अर्धा तास चहाशिवाय? हिला?

मामी : जमेल की. गोळी घेऊन गोठ्यात जाईन. दोन म्हशींची धार काढून होईस्तोवर तेवढा वेळ जातोच.